रोजा सोडण्याचें कलिंगडाचें सरबत

रमजानचा महिना लागला कीं आपल्या वर्गांतील कांहीं सोबती मधल्या सुटींत डबा उघडीत नाहींत आणि नळाकडेहि फिरकत नाहींत. पहांट फुटण्यापूर्वीं सहरीचें जेवण घेऊन सुरू झालेला त्यांचा रोजा सूर्यास्तापर्यंत चालतो. आणि आपल्याकडील बहुतेक उपासांहून त्याचा मोठा भेद हा कीं, त्यांत पाण्याचा थेंबहि वर्ज्य असतो. सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली, म्हणजे खजूर तोंडांत घालून रोजा सोडतात व मागोमाग सरबताचा पेला हातीं घेतात. हें सरबत कसें करावें, आणि तसेंच कां करावें, एवढें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं रोजे होतात त्यांस यांतील बराच भाग ठाऊक असेल. ज्यांच्या घरीं होत नाहींत त्यांनीं शेजाऱ्यांच्या ताटांत काय असतें व तें कशासाठीं असतें, हें जाणून घ्यावें.

या सरबताच्या कामीं एक अडचण अशी आहे कीं ती इतर स्वैपाकांत सहसा येत नाहीं. सरबत करणारी बहुधा घरांतील आई, आजी किंवा थोरली बहीण असते, आणि तिचाहि रोजा असतो. साखर पुरेशी झाली कीं नाहीं, मीठ अधिक तर पडलें नाहीं ना, हें तिला चाखून पाहतां येत नाहीं. जें पेय दिवसभर तहानलेल्या माणसांच्या हातीं द्यावयाचें, तेंच नेमकें चव न घेतां करावयाचें! यावर घरोघरीं दोन उपाय योजिलेले दिसतात. एक उपाय म्हणजे नक्की माप. दुसरा म्हणजे घरांतील लहान मूल. वयांत न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाहीं. म्हणून पांच-सहा वर्षांचें एखादें पोर ऐन सायंकाळीं मोठ्या महत्त्वास चढतें. चमचाभर सरबत त्याच्या तोंडीं घालावयाचें आणि सर्वांनीं त्याच्या मुद्रेकडे पाहावयाचें. हा परीक्षक प्रामाणिक असतो, परंतु साखरेच्या बाजूला झुकलेला असतो. "आणखी गोड हवें" याखेरीज त्याचा निकाल क्वचित् लागतो. सबब माप हाच खरा आधार, आणि पुढें दिलेलीं मापें वाचकांनीं तशीच पाळावीं अशी आमची विनंती आहे.

माप ठरविण्यापूर्वीं शरीराची गरज काय हें पाहिलें पाहिजे. मुंबईस ऐन थंडींत रोजा सुमारें सव्वाबारा तासांचा, तर जून महिन्यांत साडेचौदा तासांच्या आसपास असतो. इतक्या वेळांत श्वासावाटें, घामावाटें व लघवीवाटें साधारण एक लिटर पाणी शरीरांतून जातें. उन्हांत हमाली किंवा बांधकाम करणाराचें याहून पुष्कळच अधिक. पाण्याबरोबर घामांतून मीठहि जातें. शिवाय सकाळच्या अन्नाची साखर केव्हांच संपलेली असते. दुपारनंतर डोकें जड होतें व चित्त कशांतहि लागत नाहीं, याचें कारण बव्हंशीं हें आहे. तेव्हां सायंकाळच्या पेयांत तीन गोष्टी हव्यात: पुष्कळ पाणी, थोडी साखर आणि किंचित् मीठ.

यांतील मिठाचें काम मोठें मौजेचें आहे. आंतड्याच्या आंतील अस्तरांत एक प्रकारचें द्वार असतें. त्यांतून साखर आंत जावयाची तर तिला मिठांतील सोडियमचा हात धरावा लागतो, आणि हीं दोन्हीं आंत गेलीं कीं पाणी त्यांच्या मागोमाग ओढलें जातें. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत ही कल्पना मांडली. पुढें १९७१ सालीं बांगला देशाच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले व बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनवीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें पिंपांतून रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली आणि हजारोंचे प्राण वांचविले. आमचें सरबत म्हणजे औषध नव्हे, व अतिसाराच्या रोग्यास तें औषधाच्या जागीं देऊंहि नये. परंतु गोड सरबतांत चिमूटभर मीठ टाकण्याची जी जुनी चाल आहे, तिच्या पाठीशीं हेंच तत्त्व उभें आहे.

आतां फळ कोणतें घ्यावें? या प्रश्नाचें उत्तर दरसाल थोडें थोडें बदलतें. हिंदु पंचांगांतील महिने चांद्रच आहेत, परंतु अधिक मास घालून ते ऋतूंशीं जुळते ठेविले जातात. म्हणून दिवाळी कधीं ऐन पावसाळ्यांत येत नाहीं. इस्लामी वर्षांत अधिक मास नाहीं. बारा चांद्रमासांचे दिवस ३५४ किंवा ३५५ च भरतात, आणि म्हणून रमजान दर वर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ सालीं तो जूनमध्यें लागला होता, २०२६ सालीं फेब्रुवारींत लागला. २०३० सालीं तर तो जानेवारींत एकदां व डिसेंबरच्या अखेरीस पुन्हां, असा एकाच इंग्रजी वर्षांत दोनदां लागावयाचा आहे. सर्व ऋतूंची एक प्रदक्षिणा पुरी होण्यास त्यास सुमारें तेहतीस वर्षें लागतात. आज पहिलीच्या वर्गांत बसणारा मुलगा चाळिशीच्या घरांत येईल, तेव्हां त्याच्या बाळपणींचा रमजान त्याच फळांसह त्यास पुन्हां भेटेल.

थंडींत नागपूरकडील संत्रीं व नंतर नाशिककडील द्राक्षें. उन्हाळ्यांत फालसे, कैरी व आंबा. आणि पावसाळ्यांत ताजीं रसाळ फळें दुर्मिळ झालीं म्हणजे कोकणांतील घरांतून उन्हाळ्यांतच साखरेंत मुरवून ठेविलेलें कोकम. हंगाम गेला तरी फळ हाताशीं राहावें, ही युक्ति केवळ आपल्याकडेच सुचली असें नाहीं. सीरिया देशांत दमास्कस शहराभोंवतीं घूता नांवाचा बागाइती टापू आहे. तेथील जर्दाळू उन्हाळ्याच्या आरंभीं थोडे आठवडेच मिळतात. म्हणून पिकलेल्या जर्दाळूंचा गर गाळून तो तेल लावलेल्या फळ्यांवर पातळ पसरितात व उन्हांत वाळवून त्याच्या नारिंगी पोळ्या करितात. या पोळीस 'कमरुद्दीन', म्हणजे 'धर्माचा चंद्र', असें सुंदर नांव आहे. रमजान कोणत्याहि ऋतूंत येवो, सीरिया व ईजिप्त या देशांतील घरांतून या पोळीचे तुकडे कांहीं तास पाण्यांत भिजवून, घोटून, गाळून, लागल्यास साखर व नारिंगाच्या फुलांचा अर्क घालून रोजा सोडण्याचें पेय तयार होतें. आपल्या आंबापोळीची ती सख्खी बहीणच म्हणावयाची. आंबापोळीचेंहि असें सरबत होण्यास हरकत नसावी. ज्या घरीं मागील सालची पोळी उरली असेल त्यांनीं करून पाहावें.

सध्यांच्या कांहीं वर्षांत मात्र रमजान थंडीच्या अखेरीकडे येत असल्यामुळें आम्हीं कलिंगड निवडलें आहे. कोकणांत भाताची कापणी झाल्यावर रिकाम्या शेतांतून कलिंगडें लावितात व नव्या वर्षाच्या आरंभापासून तीं बाजारांत येऊं लागतात. या फळांत शेंकडा ९१-९२ भाग पाणीच असतें, साखर शेंकडा सहा-सात भाग, आणि सोडियम जवळजवळ नसतेंच. म्हणजे मीठ आपण घातलें कीं वरील तिन्ही गरजा भागतात. तें स्वस्त असतें आणि एका फळांत सारें घर न्हाऊन निघतें, हाहि गुण थोडा नव्हे.

फळ घेतांना तीन खुणा पाहाव्या. ज्या बाजूवर तें जमिनीस टेकलेलें असतें तेथील डाग पांढुरका असेल तर फळ कोंवळें. तो लोण्यासारखा पिवळा झालेला असेल तर तें वेलावर पिकलें असें समजावें. दोन सारख्या आकाराच्या फळांत जें जड तें घ्यावें. आणि बोटानें टिचकी मारल्यास खोल, पोकळ नाद यावा. रोजेदार करणारीस चाखतां येत नाहीं म्हणून या खुणांचें महत्त्व तिला अधिक. फळच गोड निघालें तर पुढील मापें चुकत नाहींत.

सहा माणसांसाठीं दोन किलोचें एक कलिंगड पुरे. साल काढून त्याचा गर सव्वा किलोच्या आसपास निघतो. याखेरीज थंड पाणी दोन वाट्या, लिंबाचा रस सहा चहाचे चमचे, साधें मीठ पाव चमचा, काळें मीठ पाव चमचा, पुदिन्याचीं दहा-बारा पानें आणि सब्जाचें बीं दोन चमचे. सर्व चमचे सपाट भरावे, शिगोशीग भरूं नयेत. "दोन लिंबें" असें न लिहितां रसाचे चमचे आम्हीं मुद्दाम दिले आहेत. कारण एक लिंबू दोन चमचे रस देतें तर दुसरें चार, आणि आंबटपणा चाखून पाहतां येत नसेल तर लिंबें मोजून कांहींच कळत नाहीं.

प्रथम सब्जा वाटीभर पाण्यांत भिजत घालावा. पंधरा-वीस मिनिटांत प्रत्येक दाण्याभोंवतीं पारदर्शक, बुळबुळीत वेष्टन चढतें. हें वेष्टन म्हणजे त्यानें धरून ठेविलेलें पाणीच होय. कोरडें बीं मात्र सरबतांत कधींहि टाकूं नये. तें घशांत फुगण्याचा धोका असतो, विशेषतः लहान मुलांस.

नंतर कलिंगड, न कापतां, वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावें. साल तर आपण खात नाहीं, मग ती धुवावयाची कशाला, असें मुलें विचारतात. फळ मातींत लोळलेलें असतें. सुरी सालीवरून आंत जातांना तेथील घाण गरापर्यंत घेऊन जाते, आणि गोड, पाणीदार गरांत जंतु झपाट्यानें वाढतात. सुरी व पाटहि धुतलेला असावा. फळ दुपारींच कापून उघडें ठेवण्याची घाई करूं नये; रोजा सुटण्यास तासभर अवकाश असतांना कामास लागावें. दुपारीं कापणें भागच असेल तर झांकून फ्रिजमध्यें ठेवावें.

गराचा एक चतुर्थांश भाग घेऊन त्याच्या बोराएवढ्या फोडी कराव्या व बाजूस ठेवाव्या. उरलेल्या गरांतील बिया काढून तो रवीनें किंवा स्वच्छ हातानें कुसकरावा. मिक्सर चालेल, परंतु बिया आंत राहिल्या तर त्या भरडून सरबतास तुरट, कडवट चव येते व रंगहि मळतो. आणि अति फिरविल्यास फेंस होतो. रवीनें घोटलेलें सरबत थोडें रवाळ राहतें आणि आमच्या मतें तेंच अधिक चांगलें लागतें. आतां त्यांत पाणी घालावें, पुदिन्याचीं पानें हातानें चुरडून टाकावीं व लिंबाचा रस मिसळावा. सब्जा, फोडी आणि दोन्हीं मिठें अगदीं शेवटीं, रोजा सुटण्यास दहा मिनिटें उरलीं असतां घालावीं. मीठ आधीं घातलें तर तें फोडींतील पाणी बाहेर ओढून घेतें आणि फोडी लुळ्या पडतात.

साखरेचें नांव आम्हीं मापांत घेतलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पिकलेल्या कलिंगडास ती लागत नाहीं. शिवाय रोजा खजुरानें सुटतो, आणि वाळलेल्या खजुरांत निम्म्याहून अधिक साखरच असते. दोन-तीन खजूर खाल्ल्यावर सरबत गुळचट असण्याचें कारण राहत नाहीं. फार गोड पेय जठरांतून पुढें सरकण्यास वेळ लावतें व तहान भागण्याऐवजीं पोट जड करतें. फळ अगदींच फिकें निघालें तर दोन चमचे साखर अर्ध्या वाटी कोमट पाण्यांत पूर्ण विरघळवून, निववून घालावी. थंड सरबतांत टाकलेली साखर तळाशीं बसते आणि शेवटच्या पेल्यास सारी मिळते. घरांतील मधुमेही वडीलधाऱ्यांनीं तर रोजा धरावा कीं नाहीं व धरल्यास काय प्यावें, हें रमजानपूर्वींच आपल्या डॉक्टरांस विचारून ठेवावें. आजाऱ्यास रोज्यांतून सूट धर्मानेंच दिलेली आहे.

बर्फाविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. मुंबईंत मिनारा मशिदीच्या गल्लींत रमजानच्या रात्रीं फेरफटका मारला तर फळांच्या रसांच्या व सरबतांच्या गाड्या ओळीनें लागलेल्या दिसतात, आणि मुलांचे पाय तेथून हलत नाहींत. पेल्यांतील फळ कितीहि ताजें असलें तरी बर्फ कोणत्या पाण्याचा, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. बर्फ होतांना पाणी गोठतें, परंतु त्यांतील जंतु सारे मरत नाहींत. मासे व इतर माल टिकविण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असें नाहीं. तो खाण्याच्या बर्फांत मिसळूं नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ सालीं अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचें बंधन घातलें. निळसर लादी दिसली कीं तेथील पेला परत करावा. घरच्या सरबतांत तर बर्फाची गरजच थोडी आहे. माठांतील पाण्याचा गारवा पुरतो. शिवाय बर्फासारखें थंड पेय तोंडांत पडतांच तहान भागल्याचा भास होतो आणि माणूस गरजेपेक्षां कमी पिऊन थांबतो.

बांगेपूर्वीं पेले भरून, जाळीनें किंवा ताटलीनें झांकून मांडून ठेवावे. रोजा सोडून मगरिबच्या नमाजास लगेच उठावयाचें असतें, तेव्हां ओतण्याच्या गडबडींत कोणाचा पेला राहूं नये. खजुरानंतर प्रथम दोन-चार घोट घ्यावे, नमाज झाल्यावर उरलेलें सावकाश प्यावें. रिकाम्या पोटीं एका दमांत तीन पेले रिचविणारे वीर प्रत्येक घरांत एक-दोन असतात. पुढें जेवणाच्या वेळीं ते पोट धरून बसतात. एक लिटर पाण्याची तूट एका पेल्यानें भरून निघत नाहीं, हें खरेंच. ती झोपेपर्यंत व सहरीस थोडें थोडें पाणी पिऊन भरावयाची.

दिल्लींत जामा मशिदीच्या परिसरांत कलिंगडाच्या फोडी थंड दुधांत घालून, वर लाल सुगंधी सरबत ओतून एक पेय विकतात. हें लाल सरबत म्हणजे बहुधा 'रूह अफजा'. १९०६ सालीं हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनीं दिल्लींत जो हमदर्द दवाखाना काढला, त्यांतून तें निघालें. लहान मुलांस हा प्रकार फार आवडतो. घरीं करावयाचा असल्यास दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: दुधांत लिंबू व मीठ घालूं नये, नाहीं तर दूध फाटेल, आणि बाटलीच्या सरबतांत साखर आधींच भरपूर असल्यामुळें वेगळी घालूं नये. तहानेच्या दृष्टीनें पाहतां मात्र आम्ही लिंबू-मिठाच्या सरबतासच पहिला मान देतों.

ज्या मुलांचा रोजा नाहीं, मग तीं कोणत्याहि घरचीं असोत, त्यांस या कामांत करण्यासारखें पुष्कळ आहे. लिंबाचा रस चमच्यानें मोजणें, बिया वेंचणें, सब्जा वेळेवर भिजविणें, पेले पुसून मांडणें, आणि शेवटीं चव पाहणें. चव पाहणारानें मात्र "चांगलें झालें आहे" एवढ्यावर न थांबतां आंबट, खारट व गोड यांपैकीं काय कमी पडलें तें स्पष्ट सांगावें, आणि जें माप जमलें तें एका वहींत तारखेसह टिपून ठेवावें. महिनाभर ही वही पाळली तर शेवटच्या आठवड्यांत आईला चाखणाराची वाट पाहावी लागत नाहीं.

कापलेलें फळ व उरलेलें सरबत बाहेर ठेवून सहरीस पिऊं नये. फ्रिज नसेल तर तें रात्रींच संपवावें किंवा शेजारीं द्यावें. सालीच्या आंतील पांढरा भाग टाकूं नये, त्याची दुधी भोपळ्यासारखी भाजी होते. बिया धुवून उन्हांत वाळवाव्या. भाजून, सोलून खाण्यास त्या चांगल्या लागतात.